आपटलेलं विमान पुढच्या सोलोला देऊ नका : हार्ड लँडिंगच्या नोंदीबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
आणि महाराष्ट्रातल्या सर्व उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे प्रमुख व मुख्य प्रशिक्षक

महोदय,

बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया, नागपूर. या गावांच्या धावपट्ट्यांवर सकाळी उजाडल्यापासून छोटी विमानं सर्किट मारत असतात. टेकायचं, फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) वर घ्यायचे, पूर्ण पॉवर द्यायची, पुन्हा उठायचं. एका सर्किटला दहा मिनिटं धरली तर तासाला सहा लँडिंग होतात. पन्नास तासांनी विमान तपासणीला हँगरमध्ये येतं तेव्हा त्याच्या पायांवर तीनशे लँडिंग झालेली असू शकतात. त्यातली बहुतेक अजून शिकत असलेल्या हातांची असतात. त्या तीनशेपैकी किती जोरात झाली, म्हणजे हार्ड लँडिंग ठरली, हे लॉगबुक उघडल्यावर कळायला हवं. बऱ्याचदा ते कळत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

आम्ही प्रशिक्षण विमानांची देखभाल करणारे अभियंते आणि प्रशिक्षक आहोत. विमान उड्डाणयोग्य आहे असं लिहून खाली सही करणं हे आमचं रोजचं काम. त्या सहीच्या भरवशावर अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या दिवशी एकटी (सोलो) विमान घेऊन वर जाते, आणि घरच्यांनी कर्ज काढून तिला तिथवर पोचवलेलं असतं. आमची सही मात्र टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) जे लिहिलंय त्यावरच उभी असते. लिहिलं नाही, तर आम्ही डोळे झाकून सही करतो असाच त्याचा अर्थ होतो. हे आम्हाला मान्य नाही.

मोठ्या विमानात हा प्रश्न इतका बिकट नाही. तिथे फ्लाइट डेटा रेकॉर्डर असतो, टेकतानाचा धक्का मोजला जातो, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर पायलटने सांगो न सांगो, विमान तपासणीला जातं. १,१५७ किलो कमाल वजनाच्या सेस्ना १७२ एस या प्रशिक्षण विमानाला असा रेकॉर्डर लागत नाही. तिथे सगळं माणसाच्या सांगण्यावर चालतं. कंपनीच्या देखभाल पुस्तिकेतली व्याख्यासुद्धा अशीच आहे : विमान प्रमाणाबाहेर वेगाने खाली येऊन टेकलं असं वाटलं, तर ते हार्ड लँडिंग समजावं. आता हे कुणाला वाटायचं? पंधरा-वीस तास झालेल्या विद्यार्थ्याला, ज्याला मऊ लँडिंग कसं असतं हेच अजून पुरतं कळलेलं नाही? की त्याच्या शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला, ज्याने त्या सकाळी तसले दहा धक्के आधीच खाल्लेत?

म्हणून आधी आकडे मांडतो. छोट्या विमानांचे पाय किती सोसू शकतात हे अंदाजाने ठरलेलं नाही. या विमानांच्या पिढ्या ज्या अमेरिकन प्रमाणन नियमांवर घडल्या, त्यात त्यासाठी सूत्र होतं (ते नियम २०१७ साली बदलले). विमानाचं पौंडांतलं वजन पंखाच्या चौरस फुटांतल्या क्षेत्रफळाने भागायचं, त्याचं चौथं मूळ काढायचं, ४.४ ने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे सेकंदाला किती फूट वेगाने खाली आलेलं विमान पायांनी झेलायला हवं ती मर्यादा. हा आकडा ७ पेक्षा कमी धरता येत नव्हता आणि १० पेक्षा जास्त धरावा लागत नव्हता. १७२ एस चं वजन २,५५० पौंड आणि पंख १७४ चौरस फूट. उत्तर येतं सेकंदाला ८.६ फूट, म्हणजे मिनिटाला सुमारे ५१७ फूट. सेस्ना १५२ साठी १,६७० पौंड आणि जवळपास १६० चौरस फूट धरले तर मिनिटाला ४७५ च्या आसपास.

याच नियमांत पायांची चाचणी ठरावीक उंचीवरून खाली सोडून करत. १७२ एस च्या हिशेबाने ती उंची येते १३.८ इंच, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. हातभरही नाही. प्रत्यक्षात उंच फ्लेअर करून (टेकण्याआधी नाक उचलून) वेग घालवलेलं विमान तीन-चार फुटांवरून बसतं तेव्हा पंख सगळी उचल एकदम सोडत नाही, म्हणून असं प्रत्येक विमान मोडत नाही. पण मर्यादा किती जवळ आहे ते यातून कळावं.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्याच नियमांत या मर्यादेच्या पुढे एक राखीव पायरी होती. १.२ पट वेगाने, म्हणजे १७२ एस साठी मिनिटाला सुमारे ६२० फुटांनी टेकल्यावरही पाय तुटता कामा नये. मात्र तो वाकला तर चालतो. नियमच तशी मुभा देत होता. म्हणजे ५१७ ते ६२० या पट्ट्यात टेकलेलं विमान आपल्या पायांवर उभं राहील, टॅक्सी करत जागेवर येईल, लांबून धडधाकट दिसेल, आणि तरी त्याच्या आत कायमची वाक आलेली असू शकेल. वेग १.२ पट झाला की ऊर्जा १.४४ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. 'चालत आलं ना, मग ठीक आहे' हे एप्रनवरचं (विमानं उभी करण्याच्या जागेवरचं) नेहमीचं वाक्य नेमकं या पट्ट्यात खोटं ठरतं.

या पट्ट्यात शिरायला फार मोठी चूक लागत नाही. ६५ नॉटने तीन अंशांच्या उतारावर येणारं विमान मिनिटाला साडेतीनशे फुटांच्या आसपास खाली येत असतं. ते फ्लेअर न करता तसंच टेकलं तरी मर्यादेच्या आत राहतं. पण थ्रॉटल पूर्ण मागे आणि फ्लॅप ३० अंशांवर असले की उतार बराच तीव्र होतो, आणि तिथे फ्लेअरला एखादा सेकंद उशीर झाला की हिशेब बिघडतो. उन्हाळ्यात त्यात भर पडते. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. तिथे ४० अंश तापमानात हवा सव्वाचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. वेगदर्शकावर ६५ दिसत असताना विमान प्रत्यक्षात ६९ च्या आसपास धावत असतं. शिवाय नांगरलेल्या काळ्या रानावरून उठणारे गरम झोत, धावपट्टीच्या तोंडाशी त्यांचं अचानक तुटणं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी एक ते चार या वेळेत नवशिक्याला सोलो सर्किटला सोडणं म्हणजे विमानाच्या पायांची आणि त्या मुलाच्या धीराची नाहक परीक्षा घेणं आहे. तासांचं वेळापत्रक मागे पडलं हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

खरं नुकसान मात्र पहिल्या धक्क्याने कमी आणि त्यानंतरच्या चुकीने जास्त होतं. वेग जास्त ठेवून आलेलं विमान आधी नाकाच्या चाकावर टेकतं. नाक उसळतं, पंखाचा समोरच्या हवेशी असलेला कोन वाढतो, विमान पुन्हा हवेत उठतं. घाबरलेला विद्यार्थी स्टिक पुढे ढकलतो. त्याचं ढकलणं आणि विमानाचं उसळणं यांचा मेळ बसत नाही. दुसरा धक्का पहिल्यापेक्षा जोराचा, तिसरा त्याहून जोराचा, आणि तिथवर गोष्ट गेली की नाकाचा पाय किंवा प्रोपेलर जातो. यावर उपाय एकच, तोही पहिल्या उसळीलाच : नाक आहे तिथे धरा, पूर्ण पॉवर, फ्लॅप ३० वरून २० वर, ६० नॉटला चढा, आणि मग टप्प्याटप्प्याने उरलेले फ्लॅप घ्या. बाउन्सनंतरचा गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) हा धडा पहिल्या सोलोच्या आधी निदान पाच-सहा वेळा प्रत्यक्ष करून घेतला पाहिजे. ब्रीफिंगमध्ये तोंडी सांगून हाताला तो येत नाही. आणि प्रोपेलर जमिनीला लागल्याची किंचितही शंका असेल तर उलट नियम : पुन्हा उठायचं नाही, पॉवर बंद, धावपट्टीवरच थांबायचं.

आमच्या तक्रारी आता एकेक करून सांगतो.

पहिली तक्रार तपासणीची. हार्ड लँडिंग झालं असं कुणी सांगितलंच, तर बऱ्याच ठिकाणी जे होतं ते असं : विमान एप्रनवर उभं, कुणीतरी वाकून टायर बघतो, प्रोपेलरवर हात फिरवतो, पंख जरा हलवून बघतो, आणि 'तपासलं, ठीक आहे' अशी एक ओळ लिहिली जाते. सगळं मिळून पाच मिनिटं. पुस्तिकेतली हार्ड लँडिंगची तपासणी ही नव्हे. नीट केली तर दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. का जातो ते या पत्राच्या वाचकांनाही कळावं.

१७२ मध्ये नाकाचा ओलिओ स्ट्रट (तेल आणि हवेवर धक्का झेलणारा पाय) थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, जोडलेला आहे. मुख्य पाय स्प्रिंग स्टीलचे आहेत, ते लवचिक असतात, धक्का खाऊन परत येतात. नाकाच्या पायाला तशी लवचिकता नाही. त्याच्याकडे आहे तेल आणि वर भरलेली हवा, दाब ४५ पीएसआय. हवा गळून स्ट्रट बसलेला असेल तर तो तळाला आपटतो आणि सगळा धक्का पातळ पत्र्याच्या फायरवॉलवर जातो. सुरकुती पडते ती तिथे, खालच्या जोडाभोवती. बाहेरून ती काउलिंगमागे (इंजिनावरच्या झाकणामागे) लपते. काउलिंग काढावं लागतं. मग आत बसून रडर पेडलपाशी गालिचा उचलायचा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरायचा आणि तिरप्या उजेडात बघायचं. सरळ उजेडात सपाट दिसणारा पत्रा तिरप्या उजेडात पाण्यावरच्या लहरीसारखा दिसतो. बोटाची पेरं फिरवली की ती लहर हाताला लागते. मागे पोटाच्या पत्र्यावर रिव्हेटच्या ओळी बघायच्या. रिव्हेटच्या मागे काळसर भुकटीची रेघ ओढल्यासारखी दिसली तर तो रिव्हेट ढिला होऊन घासतोय. इंजिन माउंटच्या नळ्यांचे जोड, माउंटचे बोल्ट आणि रबर हेसुद्धा याच फेरीत.

मग शेपटाकडच्या बल्कहेडवर भार देऊन नाकाचं चाक जमिनीवरून उचलायचं. टॉर्क लिंक हाताने हलवून खेळ किती आहे ते बघायचं, फोर्क आणि ॲक्सल बघायचा, शिमी डँपरचे (चाकाची थरथर शोषणाऱ्या भागाचे) जोड बघायचे. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हार्ड लँडिंग लपवलं गेलं की ते पुढे काही दिवसांनी 'टॅक्सी करताना नाकाचं चाक थरथरतं' अशा स्नॅगच्या (बिघाडाच्या नोंदीच्या) रूपात येतं. डँपर बदलला जातो, थरथर थोडी कमी होते, फाइल बंद. वाकलेली जागा तशीच राहते, कारण मूळ धक्का कुणालाच माहीत नाही.

मुख्य पायांचं पाहणं वेगळं. पाय जिथे पोटात शिरतो तिथले फिटिंग, त्यांचे बोल्ट, भोवतालची फ्रेम. पाय कायमचा पसरलाय का हे नुसत्या नजरेने ठरत नाही. सपाट जमिनीवर, टायरचा दाब आणि दोन्ही टाक्यांतलं इंधन सारखं करून, दोन्ही पंखांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजायची आणि आधीच्या नोंदीशी ताडायची. आधीची नोंद नसेल तर आजच करून ठेवायची. चाकांच्या रिमला तडे, ब्रेकची नळी, ॲक्सलचे बोल्ट. पंखाचा वरचा पत्रा मुळाशी, स्ट्रटचे वरचे-खालचे जोड, फ्लॅपच्या रुळांजवळचा भाग. १७२ एस चं इंधन पंखाच्या पोकळीतच असतं. सीलंटला चीर गेली की एव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) निळा डाग उमटतो, पण तो लगेच नाही, काही तासांनी. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पंखाखाली बघावं लागतं. ईएलटी (धक्क्याने आपोआप सुरू होणारा आणीबाणीचा रेडिओ) सुरू झालाय का, ते रेडिओ १२१.५ वर लावून ऐकायचं. आडव्या वाऱ्यात तिरकं टेकलं असेल तर बाजूच्या भारासाठीची तपासणी वेगळी करायची.

पायपर पीए-२८ ला मुख्य पायांतही ओलिओ आहेत. तिथे स्ट्रट किती बाहेर आहे ते मोजायचं, मुख्य पायाला साधारण साडेचार इंच आणि नाकाला सव्वातीन, आणि पाय जिथे पंखाला जोडलाय तिथला पत्रा बघायचा. डायमंड डीए-४० ची बाब अजून अवघड. कंपोझिटमध्ये सुरकुती पडत नाही. आतले थर सुटतात आणि वरचा रंग जशाचा तसा राहतो. नाण्याने टकटक करत आवाज ऐकत जावं लागतं. भरीव आवाजातून एकदम बोदा आवाज आला की काम थांबवायचं. हे शिकवल्याशिवाय येत नाही, आणि बदलत्या ताफ्याबरोबर हे प्रशिक्षण सगळ्या तंत्रज्ञांना मिळालेलं नाही.

दुसरी तक्रार प्रोपेलरची. पात्याचं टोक धावपट्टीला घासलं, एखादा सेंटिमीटर वळलं, की 'फाइल मारून घ्या, ट्रॅक बघून घ्या' इथवर गोष्ट मिटवण्याचा मोह होतो. पात्यांचा ट्रॅक, म्हणजे सगळी टोकं एकाच प्रतलात फिरतात का ते माप, इंचाच्या सोळाव्या भागाच्या आत आला, फ्लँजला डायल इंडिकेटर लावून रन-आउट (फिरताना तो किती डगमगतो ते) बरोबर आला, म्हणजे इंजिन धड आहे असं होत नाही. धक्का पुढून जातो आणि मागे जाऊन बसतो. लायकमिंग इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक गिअर एका बोल्टने आणि छोट्या डॉवेल पिनने धरलेला आहे. तो सुटला तर मॅग्नेटो आणि कॅमशाफ्ट दोन्ही थांबतात, म्हणजे इंजिन हवेत बंद पडतं. याच कारणाने प्रोपेलर आपटल्यानंतर तो गिअर, बोल्ट आणि डॉवेल तपासणं अमेरिकेच्या २००४ सालच्या १०-१४ क्रमांकाच्या उड्डाणयोग्यता आदेशाने बंधनकारक झालं, आणि इंजिन पूर्ण उघडून बघा असं खुद्द लायकमिंग सांगते. इंजिन त्या वेळी किती आरपीएमवर होतं, पातं किती वळलं, याने त्यात फरक पडत नाही. पात्याला किरकोळ घासकामापलीकडची दुरुस्ती लागली की तो स्ट्राइक धरायचा.

तिसरी तक्रार भीतीची, आणि आमच्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. जिथे प्रवेशाच्या करारातच नुकसानभरपाई विद्यार्थ्याकडून वसूल करण्याचं कलम आहे, तिथे विद्यार्थी तोंड कशाला उघडेल? जिथे हार्ड लँडिंग सांगितलं की सोलो बंद, पुन्हा चेक, पुन्हा रांग, आणि एक विमान कमी झालं म्हणून बॅचमधल्या सगळ्यांची नाराजी, तिथे सोलोवरून उतरलेली मुलगी 'जरा बाउन्स झाला' एवढंच म्हणणार. प्रशिक्षकाचंही तेच. त्याच्या तासांवर त्याचा पगार अवलंबून असेल तर विमान स्वतःच्या तोंडाने जमिनीवर आणणं त्याला परवडत नाही. या माणसांना आम्ही दोष देत नाही. दोष त्या रचनेचा आहे जी खरं बोलणाऱ्याच्या खिशातून पैसे काढते.

यात एक नवी काळजी. महासंचालनालयाने १ ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. ही चांगली गोष्ट आहे, पालकांना निवडीला आधार मिळतो. सुरक्षिततेला त्यात गुण आहेत हेही योग्यच. पण सुरक्षितता जर नुसत्या घटनांच्या संख्येवर जोखली, तर जी संस्था प्रत्येक जोरकस लँडिंग प्रामाणिकपणे लिहिते तिचा आकडा मोठा दिसेल, आणि जी काहीच लिहीत नाही ती स्वच्छ ठरेल. शेकडो नवशिके रोज सर्किट मारत असताना वर्षभरात एकही हार्ड लँडिंग नोंदलं नाही, असं कागद सांगत असतील तर शंका त्या कागदांवर घ्यायला हवी.

चौथी तक्रार अशी की हाताशी असलेली माहिती कुणी उघडत नाही. जी १००० हे काचेचं डिजिटल पॅनेल असलेल्या १७२ आणि डीए-४० मध्ये एसडी कार्डावर दर सेकंदाला एक ओळ लिहिली जाते : वेग, उंची, उतरण्याचा दर, नाकाचा कोन, इंजिनाचे आकडे, आणि उभ्या दिशेचा जी (धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ते) सुद्धा. कार्ड काढून साध्या संगणकावर उघडता येतं. अनेक ठिकाणी ते भरलेलं तसंच पडून असतं. या नोंदीची मर्यादाही सांगायला हवी. टेकण्याचा धक्का सेकंदाच्या छोट्या अंशात येऊन जातो, आणि सेकंदाला एकच नोंद असल्याने त्याचा माथा बहुतेक वेळा दोन ओळींच्या मधे निसटतो. म्हणून कार्डावर आकडा कमी दिसला तर विमान सुटलं असं धरू नका. जास्त दिसला तर मात्र प्रश्नच उरत नाही. शिवाय टेकण्याआधीच्या पाच-सहा ओळींत उतरण्याचा दर आणि वेग दिसतो, त्यावरून बरंच काही कळतं. ज्या विमानांत काचेचं पॅनेल नाही, तिथे धक्का सेकंदाला निदान शंभर वेळा मोजणारी छोटी डबी कायमची बसवता येईल. विमानाच्या आणि इंजिनाच्या किमतीपुढे तिचा खर्च नगण्य आहे.

आमच्या मागण्या :

१. 'वाटलं तर' ही अट एकटी ठेवू नका. प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी लेखी यादी करावी आणि ती कॉकपिटच्या चेकलिस्टमागे छापावी : आधी नाकाच्या चाकावर टेकणं, दोन किंवा अधिक उसळ्या, स्टॉल वॉर्निंग (पंखाची उचल संपत आल्याचा इशारा) वाजत असताना उंचावरून बसणं, शेपूट घासणं, तिरकं टेकून बाजूला घसरणं, टेकताना हेडसेट डोक्यावरून सरकणं किंवा सामान उडणं, ईएलटी सुरू होणं. यातलं काहीही घडलं की पुढचं लँडिंग फुल स्टॉप (पुन्हा न उठता थांबायचं), टॉवरला कळवून, आणि विमान बाजूला. टच-अँड-गो तिथेच संपलं.

२. बाजूला काढलेलं विमान पुस्तिकेतल्या हार्ड लँडिंगच्या पूर्ण तपासणीशिवाय सुटू नये. टेक लॉगमध्ये नुसतं 'ठीक' चालणार नाही. पुस्तिकेतला प्रकरण क्रमांक, काय उघडलं, काय मोजलं, आकडे काय आले, हे सगळं हवं. सही परवानाधारक अभियंत्याची. विमान लवकर सोडा असं सांगण्याचा अधिकार ऑपरेशन्सच्या माणसाला नसावा, हे लेखी असावं.

३. नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याकडून वा प्रशिक्षकाकडून एक रुपयाही वसूल होऊ नये. करारांतली ती कलमं महासंचालनालयाने रद्द करायला लावावीत. हेतुपुरस्सर केलेला बेजबाबदारपणा वेगळा, त्याची चौकशी जरूर करा. शिकताना झालेलं वाईट लँडिंग हा शिक्षणाचाच भाग आहे आणि त्याचा खर्च संस्थेने आपल्या विम्यात व शुल्कात आधीच धरायला हवा.

४. एसडी कार्ड रोज संध्याकाळी उतरवून घ्यावं, निदान दोन वर्षं जपावं, आणि त्यातला उभा जी व उतरण्याचा दर देखभाल विभागाला थेट दिसावा. ज्यात ही सोय नाही अशा विमानांत वर्षभरात धक्का मोजणारं उपकरण बसवावं. हा डेटा शिक्षेसाठी वापरला जाणार नाही, असं महासंचालनालयाने परिपत्रकात स्पष्ट लिहावं. तसं लिहिलं नाही तर कार्डं हरवू लागतील.

५. प्रोपेलर स्ट्राइकनंतर इंजिन उघडल्याशिवाय कुठलंही उड्डाण नाही. दुरुस्तीच्या गावी नेण्यासाठीचं फेरी उड्डाणही नाही. ट्रकने न्या.

६. श्रेणी देताना नोंदींची संख्या हा दोष धरू नका. नोंद ते तपासणी किती तासांत झाली, तपासणीत काय सापडलं, त्यानंतर प्रशिक्षणात काय बदललं, याला गुण द्या. दर तिमाहीला संस्थानिहाय आकडे नावं वगळून जाहीर करा.

७. एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारच्या वेळी पहिल्या पंचवीस तासांतल्या विद्यार्थ्यांचं सोलो सर्किट बंद ठेवा. आणि प्रत्येक प्रशिक्षण धावपट्टीवर दोन्ही टोकांना धड वाऱ्याची पिशवी आणि उतरण्याचा योग्य उतार दाखवणारे दिवे असलेच पाहिजेत. फाटक्या पिशवीकडे बघून आडव्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला नवशिक्याला सांगू नका.

संस्थांच्या प्रमुखांना एक विनंती वेगळी. पहिल्या मागणीतली यादी करायला आणि पंखांच्या टोकांची उंची मोजून ठेवायला दिल्लीच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही. एक मोजपट्टी, एक वही आणि हँगरमधला एक तास पुरतो. प्रत्येक विमानामागे हा तास या आठवड्यात द्या. आजचा आकडा लिहिलेला असेल तर पुढच्या धक्क्यानंतर आम्हाला ताडून बघायला काहीतरी असेल.

महासंचालनालयाने या विषयावर अभियंते, प्रशिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांची बैठक येत्या उन्हाळी हंगामाआधी बोलवावी. टेक लॉगच्या नोंदीचा नमुना, प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी तपासणीचा तक्ता आणि एसडी कार्डाचा डेटा वाचण्याची सोपी पद्धत आम्ही मराठीत आणि इंग्रजीत तयार करून देऊ. त्यासाठी मोबदला नको.

आपले,
महाराष्ट्रातल्या प्रशिक्षण धावपट्ट्यांवर काम करणारे देखभाल अभियंते व उड्डाण प्रशिक्षक